संकेतस्थळांचे क्रमसंवर्धन

संकेतस्थळाची रचना करताना मूळ आशय कोणता व त्यावरील संस्कार कोणते, हा विवेक प्रथम करावा लागतो. या विवेकावर आधारलेली पद्धती ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’ या नावाने ओळखली जाते. मराठीत तिला क्रमसंवर्धन म्हणता येईल. २००३ मध्ये स्टीव्ह चॅम्पिऑन व निक फिंक यांनी ही संज्ञा पुढे मांडली. तदनुसार पृष्ठाचे तीन थर होतात : एचटीएमएलने आशय व त्याची बांधणी सिद्ध होते, सीएसएसने त्यास दर्शनी रूप येते आणि जावास्क्रिप्टने वर्तन प्राप्त होते.

हे तिन्ही थर सारखेच सोशिक नाहीत. एखादा शब्द अपरिचित असला तरी श्रोता वाक्याचा आशय ग्रहण करतो. तद्वत ब्राउझर एचटीएमएलमधील अनोळखी खूण ओलांडून आतील मजकूर दाखवितो आणि सीएसएसमधील न उमगलेला नियम सोडून देतो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र व्याकरणाचा एक दोषही संपूर्ण संहिता निकामी करू शकतो. शिवाय दुर्बल जोडणीमुळे ती संहिता वाचकापर्यंत पोचतच नाही, असेही घडते. ब्रिटनच्या शासकीय डिजिटल सेवेच्या २०१३ मधील पाहणीत १.१ टक्के लोकांना जावास्क्रिप्टचा लाभ मिळाला नव्हता. त्यांतील ज्यांच्या ब्राउझरात ती बंद वा अशक्य होती, ते अवघे ०.२ टक्के; उरलेल्या ०.९ टक्क्यांना ती मिळावयास हवी असूनही मिळाली नव्हती.

मराठीस हा धडा नवा नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे विशिष्ट फाँटवर विसंबून होती. फाँट उतरला नाही की वाचकापुढे रोमन अक्षरांचा निरर्थक समूह उभा राही. कारण देवनागरी केवळ दर्शनी रूपात होती, आशयात नव्हती.

याउलट १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया पाहावा. जावास्क्रिप्ट असल्यास शोधपेटीत टंकलेखन होताच सूचना दिसू लागतात. नसल्यास तीच पेटी साधा अर्ज होऊन सर्व्हरकडून उत्तर आणते. सोय उणावते, पण कार्य अडत नाही.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या भाषा एकत्र नांदतात. येथील बोलींचा शब्दसंग्रह संकेतस्थळावर आणावयाचा झाल्यास प्रथम शब्द, अर्थ व गाव यांची साधी सूची करावी, प्रत्येक शब्दाची भाषा खुणेने नोंदवावी आणि शोध सर्व्हरवर चालवावा. त्यावर तात्काळ सूचना व नकाशा चढवावा. नवीन शब्द पाठविण्याच्या अर्जाची तपासणी मात्र सर्व्हरवर व्हावीच. ब्राउझरातील तपासणी सहज टाळता येते.

या पद्धतीस मर्यादा आहेत. ध्वनिलहरींचे प्रत्यक्ष विश्लेषण किंवा सरकता नकाशा जावास्क्रिप्टवाचून साधणे कठीण. दोन्ही अवस्थांची चाचणी घेण्याचे श्रमही वाढतात. तथापि नकाशा न उमटल्यास सूची तरी उरते. अक्कलकोट वा मंगळवेढे तालुक्यातील वक्त्याने आपला शब्द संशोधकास दिलेला असतो. त्याच्या स्वस्त फोनवर तोच संग्रह कोरे पान होऊन उघडावा, हा तांत्रिक दोष तर खराच, परंतु संशोधनाच्या ऋणाचीही ती उपेक्षा होय.