गाडीच्या तारा अबोला धरतात तेव्हा...

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर, २०१३ साली उघडलेल्या नव्या महाराष्ट्र सदनासमोरून धावणारी कुठलीही नवी मोटार घ्या. तिच्यातले छोटे छोटे संगणक दोन पिळलेल्या तारांवरून सतत एकमेकांशी बोलत असतात. बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेली ही ‘कॅन’ पद्धत.

हे बोलणे तुटले, की डॅशबोर्डवर एकदम अनेक दिवे लागतात. घाबरून महागडे भाग बदलू नका! आधी मेकॅनिकला बॅटरी सोडवून, मल्टिमीटरने त्या दोन तारांमधला रोध मोजायला सांगा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असल्याने साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले, तर तार तुटली किंवा एक रोधक निकामी. शून्याजवळ आले, तर तारा एकमेकींना चिकटल्या. पाणी शिरून गंजलेला कनेक्टरही जरूर पाहावा.

दुखणे तारेचे आणि शस्त्रक्रिया संगणकावर, असे व्हायला नको!