‘सगळं बरं हाये’ म्हणजे किती गुण?

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावसारख्या तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यातून सुट्टी होते. ज्या सिस्टरने चार दिवस सलाईन लावली, तीच अभिप्रायाचा फॉर्म भरून घेते. मेडशीकडची बाई म्हणते, ‘सगळं बरं हाये.’ पाचपैकी पाच गुण पडतात आणि रुग्ण समाधानी असल्याची नोंद होते.

पण तिला उद्या लेकराला घेऊन त्याच दारात यायचं असतं, म्हणून ती जपून बोलते. कोण विचारतं, कुठे विचारतं, यावर उत्तर बदलतं. केंद्र सरकारने 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘मेरा अस्पताल’ या उपक्रमात म्हणूनच दवाखान्याबाहेर एसएमएस, फोन, अ‍ॅप यांतून मत घेतलं जातं. असमाधानी असाल तर कारणही विचारतात: वागणूक, स्वच्छता, खर्च की उपचार. अर्थात केसपेपरवर मोबाईल नंबर बरोबर हवा, आणि फोन बहुतेकदा घरच्या पुरुषाच्या खिशात असतो.

‘आता फुकट आहे, मग तक्रार कशाला?’ हे तर सर्रास ऐकू येतं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, हे खरं. पण बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं मोफत नसतं. शिवाय मोफत उपचारांचा पैसा जनतेचाच आहे. विचारणं हा रुग्णाचा हक्क आहे.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का: रुग्ण नाराज म्हणजे उपचार वाईट. साध्या सर्दीला सुई न देणारा डॉक्टर बरोबर असतो, तरी माणूस चिडून जातो. अमेरिकेतल्या सुमारे 52,000 प्रौढांच्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वाधिक समाधानी गटात मृत्यूचा धोका 26 टक्के जास्त दिसला. समाधानानेच माणसं दगावली असं त्यातून सिद्ध होत नाही. पण समाधान आणि उपचारांचा दर्जा वेगवेगळे मोजावे लागतात, एवढं नक्की कळतं.

म्हणून मला ‘कसं वाटलं?’पेक्षा ‘काय घडलं?’ हा प्रश्न मोलाचा वाटतो. गोळ्या कशा घ्यायच्या, कोणी सांगितलं? औषध बाहेरून आणावं लागलं? तपासताना पडदा ओढला होता? यांची उत्तरं भीड बाळगूनही फारशी बदलत नाहीत, आणि पडदा नसेल तर तो आठवडाभरात लावता येतो.

आणि ज्यांना वाशिमला किंवा अकोल्याला रेफर केलं, जे रांग पाहून परत गेले, त्यांच्यापुढे फॉर्म येतच नाही. त्यांना घरी जाऊनच विचारायला हवं.