दिल्ली-अलवर मार्ग : मोहरीचा बहर, धुके आणि प्रवासाचे नियोजन

राजधानी दिल्लीत येणाऱ्या मराठी पर्यटकांची पावले बहुधा आग्रा किंवा जयपूरकडे वळतात. मात्र अरवलीच्या रांगांना समांतर जाणारा गुरुग्राम-सोहना-नूंह-फिरोजपूर झिरका-अलवर हा ग्रामीण मार्ग निसर्ग आणि इतिहास या दोन्ही दृष्टींनी पाहण्याजोगा आहे. दिल्लीपासून अलवर सुमारे १६० किलोमीटरवर असून हा जिल्हाही राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो.

या प्रवासासाठी दोन पर्याय आहेत. दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाचा सोहना ते दौसा हा टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला. त्यावरून वेळ वाचतो, परंतु गावे दुरूनच मागे पडतात. दुचाकी वाहनांना तेथे प्रवेश नाही. जुना राष्ट्रीय महामार्ग २४८-अ मात्र गावांमधून आणि शेतांमधून जातो. सोहना येथील गंधकयुक्त उष्ण पाण्याचे कुंड, फिरोजपूर झिरका येथील डोंगरघळीतील शिवमंदिर ही याच मार्गावरील स्थळे होत. जाताना जुना मार्ग आणि परतताना द्रुतगती महामार्ग, अशी आखणी सोयीची ठरते.

जानेवारी ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध या काळात मेवात आणि अलवर परिसरातील मोहरीची शेते पिवळ्या फुलांनी बहरतात. परंतु दाट धुक्याचा काळही साधारणपणे डिसेंबरअखेर ते जानेवारी हाच असतो. पाणी दिलेल्या शेतांमुळे जमिनीलगतच्या हवेत ओलावा राहतो. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन वेगाने थंड होते व त्या ओलाव्याचे धुके बनते. उन्हे वर आल्याशिवाय ते सहसा विरत नाही. म्हणजेच ज्या शेतांसाठी प्रवास करायचा, तीच धुक्याला हातभार लावतात.

त्यामुळे 'पहाटे निघून रात्री परत' हा महाराष्ट्रातील सहलींचा शिरस्ता येथे धोक्याचा ठरू शकतो. धुके निवळल्यावर निघावे, सूर्यास्तापूर्वी अलवर गाठावे आणि तेथेच मुक्काम करावा, हे अधिक सुरक्षित. जुन्या मार्गावर ट्रॅक्टर, मालमोटारी आणि मोकाट जनावरे यांची वर्दळ असते. मागील दिवे नसलेली वाहने अंधारात शेवटच्या क्षणी दिसतात. धुक्यात सापडल्यास दिव्यांचा झोत खाली ठेवावा आणि वाहन रस्त्यावर मध्येच उभे करू नये.

मुक्कामामुळे दुसरा दिवस मोकळा मिळतो. बाला किल्ला, सिलिसेढ तलाव आणि सरिस्का व्याघ्र प्रकल्प ही अलवरजवळची प्रमुख आकर्षणे आहेत. सरिस्कातील वाघ २००५ पर्यंत नामशेष झाले होते. २००८ पासून रणथंबोरहून वाघ आणून तेथे त्यांचे पुनर्वसन करण्यात आले.

मराठी वाचकांच्या दृष्टीने अलवरच्या पूर्वेकडील लासवारीचे महत्त्व वेगळे आहे. १ नोव्हेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे यांच्या सैन्याची आणि जनरल लेकच्या इंग्रज फौजेची लढाई झाली. शिंद्यांच्या कवायती पलटणी पराभूत झाल्या, तरी त्यांच्या शौर्याची प्रशंसा खुद्द लेकने केली. त्यानंतर ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या तहाने शिंद्यांना गंगा-यमुनेच्या दुआबावर पाणी सोडावे लागले. हा तह आजच्या अमरावती जिल्ह्यातील सुर्जी अंजनगाव येथे झाला होता.

स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली होती. २०२५ मध्ये न्यायालयाने या संदर्भात दिलासा दिला. तथापि हिवाळ्यात प्रदूषण वाढताच दिल्ली, गुरुग्राम आदी शहरांत बीएस-३ पेट्रोल व बीएस-४ डिझेल मोटारींवर तात्पुरते निर्बंध येतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा धुक्याचा अंदाज आणि वाहनांविषयीचे ताजे आदेश, दोन्ही पाहून घेणे इष्ट ठरेल.