मासा तळ्यात नाही, वाटेत मरतो

देवगाव फाट्यावरून मी बोलतोय. एका बाजूला पूर्णेवरचं येलदरी, दुसऱ्या बाजूला निम्न दुधना, त्यामुळे मासळी आपल्याला नवी नाही. आता तर शेततळ्यातही रोहू, कटला, मृगळ सोडतात. पण बऱ्याचदा काय होतं? सोडताना बोटुकली टुणटुणीत असते आणि दोन-तीन दिवसांनी काठाला मेलेली तरंगते. वर्षाचा हंगाम गेला! लोक म्हणतात, बीजच खराब होतं. मी म्हणतो, आधी प्रवास तपासा.

पहिला मुद्दा ऑक्सिजनचा. २० अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. आणि उलटं बघा, पाणी तापलं की माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणजे आवक कमी, खर्च जास्त. म्हणून बीज पहाटे किंवा संध्याकाळी आणायचं, पिशव्यांवर ओलं पोतं टाकायचं. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन असावा. ड्रममधून मोठे मासे नेत असाल, तर बॅटरीवरचा एअर पंप सतत चालू ठेवा.

दुसरा मुद्दा घाणीचा. मासा खाल्लेलं बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. म्हणून निघण्याआधी बीज उपाशी ठेवतात. विकणाऱ्याला हे विचाराच, लाजू नका. ड्रममध्ये नळाचं क्लोरिनवालं पाणी तर अजिबात नको, कल्ले जळतात.

तिसरा मुद्दा हाताळण्याचा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा हे त्याचं चिलखत आहे. कोरड्या हातानं धरलं, खरबरीत जाळीत घासलं, की ते निघतं. मग बुरशी आणि जंतू आत शिरतात. तिसऱ्या दिवशीच्या मरतुकीचं एक मोठं कारण हेच. हात ओले करा, मऊ जाळी वापरा.

आता शेवटचा टप्पा, इथंच घाई नडते. बंद पिशवी १५-२० मिनिटं तळ्यात तरंगू द्या, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान जुळतं. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घाला आणि पिशवी आडवी करा. मासे आपले आपण बाहेर जातील. मात्र उघडी पिशवी ठेवून फोटो काढत बसू नका. बंद पिशवीत साठलेला कार्बन डायऑक्साइड पाण्याचा सामू खाली ठेवतो, त्यामुळे अमोनिया कमी विषारी असतो. तोंड उघडलं की हा वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

गळाला लागलेला मासा परत सोडण्याआधी बोटीतल्या टाकीत जपतात, तिथंही नियम हेच: गार पाणी, भरपूर हवा, कमी गर्दी, ओले हात.

यंदा एक करा. पहिले तीन दिवस रोज सकाळी तळ्यावर जा, मेलेले मासे मोजा आणि आकडा वहीत लिहा. पुढच्या वर्षी तीच वही सांगेल, दोष बिजात होता की वाटेत. भेटू पुढच्या भागात!