रिकोटाचा केक आणि घरची पंगत

मराठी घरात दूध नासले की गृहिणीचा चेहरा उतरतो. तेच दूध मुद्दाम फाडून त्याचा केक भाजावयाचा, हे ऐकून आमच्या ऐंशी उलटलेल्या मातोश्रींनी कपाळाला आठ्या घातल्या. कन्येचा बेत होता इटलीच्या रिकोटा-केकचा. आईंचा खरा प्रश्न वेगळाच होता : ‘‘त्यात अंडे असणार ना?’’ म्हणजे घरात केक होणार, आणि घरातील वडील माणूस पानावरून उठणार. आम्हांस हे रुचले नाही.

मुळात रिकोटा म्हणजे ‘पुन्हा शिजविलेले’. रेनेट घालून चीज केल्यावर उरलेले पाणी पुन्हा तापविले की त्यातील प्रथिने मऊ साक्यासारखी वर येतात. ती टोपलीत निथळावयाची. रोम व सिसिली येथे हे बहुधा मेंढीच्या दुधाचे असते. केवढी ही काटकसर! मात्र लिंबू पिळून फाडलेल्या दुधाच्या पाण्यातून असा रिकोटा निघत नाही, कारण उकळत्या दुधातील ती प्रथिने छेन्याबरोबरच आलेली असतात. तेव्हा घरी आपण करतो तो छेनाच होय. पण तो लिंबाचा असल्याने त्यात वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटची शंका उरत नाही.

असा केक फार जुना आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटो या रोमन गृहस्थाने शेतीवरील ग्रंथात ‘लिबुम’ची कृती दिली आहे : दोन भाग चीज, एक भाग पीठ, एक अंडे, खाली पाने घालावीत आणि तापलेल्या चुलीवर मातीच्या भांड्याखाली झाकून मंद भाजावे. लिबुम देवालाही वाहत. झाकणावर निखारे ठेवून बिर्याणीला दम देणाऱ्या हैदराबादकरांस, किंवा कोकणातील धोंडस ठाऊक असणाऱ्यांस, ही रीत परकी वाटू नये.

अंड्याचा तोडगा मात्र आपल्याच देशात सापडला. ओडिशातील नयागड भागात छेनापोड करतात. पोड म्हणजे भाजलेले. छेना, साखर व रवा मळून शालपत्रांत गुंडाळून तो भाजतात. अंडे नसूनही उत्तम घट्ट होतो.

आमच्या घरी ठरले ते असे. गायीचे २ लिटर दूध उकळून, आच बंद करून, २ लिंबांचा रस हळूहळू घालावा. म्हशीच्या दुधाचा छेना कडक होतो. फडक्यात अर्धा तास निथळावा, पण कोरडा करू नये. १०० ग्रॅम साखर, ३ चमचे बारीक रवा, लिंबाची किसलेली साल व मनुका घालून तळहाताने पंधरा मिनिटे मळावे. चरचरीतपणा गेला पाहिजे. या कामी आईंचा हात कन्येपेक्षा सरस ठरला. तूप लावलेल्या डब्यात, १७० अंशांवर, वरचा रंग तपकिरी होईपर्यंत, सुमारे पाऊण तास भाजावे. ओव्हन नसल्यास जाड कढईत वाळू तापवून तीत डबा ठेवावा.

यास आम्ही रिकोटा-केक म्हणणार नाही. अंडे आणि मेंढीचे दूध असलेला तो पदार्थ निराळा, त्याचा मान त्याला असो. आईंनी यास ‘छेन्याचा धोंडस’ म्हटले आणि दोन तुकडे घेतले.

रात्रभर थंड झाल्यावर कापावा. गरम असता मोडतो. निथळलेले पाणी टाकू नये. त्यात कणीक भिजवली की पोळ्या मऊ होतात.