वाऱ्याचा हिशेब

मेहकरला पैनगंगा पोहून ओलांडणारा थेट समोर पाहत नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड ठेवतो. वैमानिकही तेच करतो. छत्रपती संभाजीनगर ते नागपूर ही सरळ रेषा मेहकरजवळून जाते. अंतर सुमारे ४०० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ताशी २०० किलोमीटर आणि डावीकडून काटकोनात ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर दोन तासांत विमान ८० किलोमीटर भरकटेल.

यासाठी 'ई-६-बी' हा हातगणक. चकतीवर पेन्सिलीने वाऱ्याचा ठिपका मांडायचा, चकती मार्गाच्या दिशेला फिरवायची, ठिपका २०० च्या कमानीवर येईपर्यंत पट्टी सरकवायची. ठिपका सांगतो, नाक साडेअकरा अंश डावीकडे ठेवा. मध्यबिंदूखाली जमिनीवरचा वेग दिसतो : १९६. इंधन पुरेल का, हे त्यावरच ठरते.