कलमाची बाग आणि आईबापांचे मूल

कुर्डुवाडी जंक्शनवरून पंढरपूर-सांगोल्याच्या दिशेने निघाले की डाळिंबाच्या बागा लागतात. बहुतेक झाडे ‘भगवा’ वाणाची, बरीचशी गुटी कलमाची. फांदीची साल गोल काढायची, तिथे ओले शेवाळ ठेवून प्लॅस्टिक आवळायचे आणि मुळ्या फुटल्या की फांदी कापून पिशवीत लावायची. बियांपासून केलेले झाड आईसारखे निघेलच असे नाही. कलमात रंग, गोडी, आकार ठरलेला असतो. मात्र दुबळेपणाही तोच येतो. पावसाळी हवेत एका झाडावर तेल्या रोगाचे तेलकट डाग दिसले, की त्या जिवाणूला अडवेल असा वेगळा गुण शेजारच्या झाडात नसतो. जनुकांच्या हिशेबाने ते तेच झाड असते.

डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांना जीवशास्त्र शिकवताना प्रजनन आणि उत्क्रांती यांना जोडणारा नेमका हाच धागा सुटतो. बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकात मानवी प्रजनन एकीकडे, उत्क्रांती दुसरीकडे. अलैंगिक आणि लैंगिक पद्धती शेजारी मांडणारे ‘सजीवांतील प्रजनन’ हे प्रकरण तर २०२२च्या कपातीत गेले. त्यामुळे अर्धगुणसूत्री विभाजनाचे (मायोसिसचे) टप्पे पाठ होतात, पण हा खटाटोप कशासाठी, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते प्रजनन आणि उत्क्रांती ही दोन प्रकरणे मुळात एकच आहेत.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. कलम स्वस्त आणि भरवशाचे असेल, तर निसर्गाने नर-मादीचा महाग मार्ग का टिकवला? नर पिल्ले जन्माला घालत नाही, आणि मादीची निम्मीच जनुके पुढे जातात. याचे एक उत्तर न्यूझीलंडच्या गोड्या पाण्यातील गोगलगायींत मिळते. तिथे एकाच जातीत लैंगिक आणि अलैंगिक असे दोन्ही प्रकार आहेत, आणि परजीवी कृमी जास्त तिथे लैंगिक प्रकार जास्त आढळतो. शत्रू बदलत राहिला तर संततीही वेगवेगळी हवी. माणसाच्या गुणसूत्रांच्या २३ जोड्यांच्या नुसत्या वाटणीतूनच ८३,८८,६०८ प्रकारची युग्मके संभवतात. गुणसूत्रांतील देवाणघेवाण त्यात धरलेलीच नाही.

दुसरा आक्षेप असा, की आता औषधे आली, माणसाची उत्क्रांती हा इतिहास झाला. पण नंदुरबार, गडचिरोलीतील सिकल सेल हा रक्ताचा आजार पाहा. त्याच्या जनुकाची एक प्रत तीव्र हिवतापापासून बऱ्याच अंशी वाचवते, दोन प्रती आजार देतात. दोन्ही पालक वाहक असतील तर दर गरोदरपणात आजारी मुलाची शक्यता २५ टक्के. ही वाटणी अर्धगुणसूत्री विभाजन करते. ते जनुक हजारो वर्षे टिकवले हिवतापाने. हिवतापाचा परजीवीही थांबलेला नाही. तो आपले लैंगिक प्रजनन डासाच्या पोटात उरकतो, आणि फाल्सिपेरम हिवतापावर क्लोरोक्विन निकामी ठरल्याने भारताला उपचार बदलावे लागले.

म्हणून शिक्षकांना एवढेच सांगणे, की अर्धगुणसूत्री विभाजन शिकवाल त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली सिकल सेलच्या रक्ताची काचपट्टी ठेवा. उत्क्रांतीचा धडा त्याच तासाला सुरू होतो.